शंभरातले दहा

डोंगरावर कातळवाडी नावाचे एक गाव होते. पिण्याच्या पाण्याला खडकात खोदलेले एकच टाके. एकदा एका कारखान्याच्या गाडीतून किरणोत्सारी द्रव्याचा डबा त्यात पडून फुटला. टाके बंद झाले. बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या.

सरकारने निळकंठराव नावाचे परीक्षक पाठवले. माणूस हुशार, पण हुशारीचा ताठाही तेवढाच. ते म्हणाले, "हे द्रव्य दर दोन दिवसांनी निम्मे होते. वीस दिवसांत हजारावा भाग उरेल. मग खुशाल प्या."

खरे तर त्या द्रव्याला दोन वाटा होत्या. शंभरातले नव्वद कण बदलून निरुपद्रवी होत. दहांचे मात्र दुसरेच घातक द्रव्य बने आणि ते निम्मे व्हायला साठ दिवस लागत. पहिले आटत होते तसतसे दुसरे साचत होते. निळकंठरावांना हे ठाऊक होते. "दहाच तर आहेत," असे म्हणून त्यांनी ते गणितातून गाळले. सहा दिवस किरण मोजायच्या यंत्राचे आकडे गणिताशी जुळले. मग पुढचे आकडे त्यांनी मोजलेच नाहीत, नुसते गणितावरून मांडले.

विसाव्या दिवशी सकाळी सारे गाव हंडे-कळश्या घेऊन जमले. उपचार म्हणून रावांनी यंत्र पाण्यावर धरले. आकडा हवा त्याच्या तिपटीहून जास्त निघाला. तो फक्त त्यांनाच दिसत होता.

टाके उघडणाऱ्याने पहिली ओंजळ प्यायची, अशी गावची रीत. रावांनी ओंजळ भरली. एका ओंजळीने त्यांचे काही बिघडणार नव्हते. संध्याकाळी ते शहरात परतणार होते. पण इथली पोरे रोज हेच पाणी पिणार होती.

"प्या की सायेब," पुढे उभी असलेली भागूबाई म्हणाली. "पोरं तहानली हायती."

रावांनी पाणी खाली सोडून दिले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "अजून तीन महिने हे पाणी पिऊ नका."

"आन् ह्ये तुमास्नी आज कळलं व्हय?"

रावांना फार लाज वाटली. भागूबाईने रिकामा हंडा उचलला आणि ती लांबच्या वाटेला लागली. बाकीच्या बायाही निघाल्या. थोड्या वेळाने राव एक कळशी घेऊन त्यांच्या मागोमाग चालू लागले. त्यांना कोणी थांबवले नाही.

तात्पर्य: जे घटते ते कुठे साचते, हेही पाहावे, आणि आपली चूक दुसऱ्याच्या पोटात जाण्याआधी कबूल करावी.