ठकूची पायरी

हरणतळे शहराच्या मधोमध महानगरपालिकेचे खेळघर आहे. आत बॅडमिंटनचे कोर्ट, टेबल टेनिस, कॅरम, बुद्धिबळ. बाहेर कबड्डी आणि खो-खोचे मैदान, पोहण्याचा तलाव, आणि फिरायला येणाऱ्यांसाठी तळ्याच्या बांधावरची पायवाट. चार लाख वस्तीच्या गावाला एवढे पुष्कळ झाले. पण या खेळघराला दार नाही. चौकट आहे, चौकटीवर बिजागऱ्या उपटल्याच्या खुणा आहेत, दाराचा मात्र पत्ता नाही. वारा सुटला की शटल भलतीकडेच जाते, आणि आमची बॅडमिंटनची पोरे परगावी सामने हरून आली की तिथे वाराच नव्हता असे तोंड वर करून सांगतात. मागे एका उत्साही अधिकाऱ्याने काचेचे दार बसवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी ते अलगद उतरवले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि एक ओरखडाही न येऊ देता पालिकेत पोचते केले.

चौकटीबाहेर एक काळी दगडी पायरी आहे. तिच्यावर कोणी येऊन उभे राहिले की आतला खेळ थांबतो. गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याचा अंतिम सामना इथे होता. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई पायरीवर आली. आमच्या मुलीने सर्व्हिससाठी उचललेली रॅकेट खाली ठेवली, दारापाशी जाऊन विचारले, "काय पाहिजे, मावशी?" बाईला डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता हवा होता. तो सांगून झाल्यावर मुलगी परत आली आणि ओळीने दोन गुण हरली. पाहुण्या संघाची माणसे जिंकूनही अवाक झाली होती; त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी तर खेळ मधेच थांबला म्हणून पंचांकडे तक्रारही केली होती. हा काय प्रकार आहे, असे त्यांनी कॅरमपाशी बसलेल्या दत्तोबा वाघचौऱ्यांना विचारले. दत्तोबा एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांची संध्याकाळ रोज त्याच बोर्डावर जाते. त्यांनी स्ट्रायकर हातातच ठेवला आणि सांगितले ते असे.

फार जुनी गोष्ट. गाव तेव्हा जहागिरीचे होते. जहागीरदाराने लोकांच्या करमणुकीसाठी तळ्याच्या बांधाखाली मैदान आखून दिले आणि कडेला हे खेळघर बांधले. मैदानावर आट्यापाट्या चालत, आत सारीपाट. त्या पटावर गोंदाजी पाटकऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे सांगतात. पाटकरी म्हणजे तळ्याचे पाणी सोडणारा. बांधाच्या पोटात मोरी होती, मोरीवर दगडी झाकण, झाकणाला लोखंडी कडी. कडीत पहार घालून झाकण उचलायचे, म्हणजे जादा पाणी पाटाने निघून जायचे आणि बांधावर ताण यायचा नाही. ती पहार गोंदाजीच्या खांद्यावर चोवीस तास असे. सारीपाट खेळायला बसला की मागच्या कोपऱ्यात टेकून ठेवी.

गोंदाजी माणूस वाईट नव्हता. पण एकदा फासे हातात आले की त्याला घरदार आठवत नसे. त्याची बायको ठकू जेवायला बोलवायला येई, पायरीवर उभी राही. गोंदाजी आतून ओरडे, "एवढा डाव होऊ दे!" मग दुसरा डाव, मग तिसरा. इतरांच्या बायकाही अशाच यायच्या. शेवटी गोंदाजीनेच टूम काढली की दाराला आतून कडी घालावी. सगळ्यांना ती पटली. दार चांगले चार बोटे जाड सागवानाचे होते. बाहेरचा शब्द आत येत नसे, फार तर दारावरची थाप ऐकू येई.

त्या वर्षी पाऊस संपून गेला होता. दसऱ्याचा दुसरा दिवस, लख्ख ऊन, आकाशात औषधालाही ढग नव्हता. तळे काठोकाठ भरलेले होते, पण पाऊसच नाही म्हटल्यावर गोंदाजीला कसली काळजी? शेजारच्या संस्थानातला एक नावाजलेला खेळाडू मुद्दाम त्याच्याशी खेळायला आला होता. मैदानात आट्यापाट्या बघायला बायकापोरांसकट निम्मे गाव लोटले होते. गोंदाजीने पहार कोपऱ्यात टेकवली, कडी घातली आणि पट मांडला.

वर डोंगरात मात्र पहाटे ढग फुटला होता म्हणे. खाली कोणाला त्याचा थांगपत्ता नव्हता.

डाव ऐन रंगात आला तेव्हा दारावर थाप पडली. थापेबरोबर बांगड्या वाजल्या. गोंदाजीने त्या ओळखल्या. त्याने मान न वळवता नेहमीचे उत्तर दिले, "एवढा डाव होऊ दे!" सगळे हसले. थोड्या वेळाने पुन्हा थाप पडली, या खेपेला दोन्ही हातांची. पाहुणा म्हणाला, "जा बाबा, भाकरी थंड होत असेल." गोंदाजीला ते झोंबले. हरायला लागला म्हणून उठला, असे हा माणूस गावोगाव सांगत सुटेल, हे त्याच्या मनात आले. तो उठला नाही. तिसरी थाप पडली ती एकच, पण अशी की कडी हलली. मग दार गप्प झाले. बरे झाले, गेली एकदाची, असे गोंदाजीला वाटले. पुढच्या दानाला पौबारा पडला आणि त्याची शेवटची सोंगटी घरात गेली. लोकांनी त्याला उचलूनच घेतले.

पहार खांद्यावर टाकून तो बाहेर आला. मैदानात चिटपाखरू नव्हते. खेळ लवकर आटोपला असेल, असे म्हणून तो घराकडे वळला. ठकू चिडली असणार, तिला पौबाऱ्याची हकिगत कशी रंगवून सांगायची हे तो वाटेने मनाशी जुळवत होता. घराचे दार उघडेच होते. परातीत पीठ भिजवलेले होते, एकही भाकरी थापलेली नव्हती. तवा चुलीवर तापून लाल झाला होता. गोंदाजी उंबऱ्यातच थांबला. भाकरी झालीच नव्हती, तर ती जेवायला बोलवायला आली कशी? मग त्याचे लक्ष उखळाकडे गेले. उखळ होते, मुसळ नव्हते.

 तो बांधाकडे पळत सुटला.

बांधावर सगळे गाव उभे होते. मैदानातली बायकापोरे, आट्यापाट्यांचे गडी, सगळे.  पाट दुथडी भरून वाहत होता. मोरी उघडी होती. बांधाला वरपासून मधोमध एक चीर गेली होती, पण बांध उभा होता. मोरीच्या तोंडाशी अर्धे मुसळ अडकले होते. गोंदाजी आला तशी माणसे बाजूला झाली, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, खांद्याकडे बघत होती. खेळघराच्या पायरीशी फुले विकणारी एक म्हातारी पुढे झाली.

"पहार तुझ्याजवळच व्हती व्हय रं, गोंदा?"

 म्हातारी रडत नव्हती, नुसती सांगत होती. "तिला तू नगं व्हतास. ती म्हनत व्हती, खेळू द्या त्यास्नी, उठू नगा म्हनावं, नुसतं दार किलकिलं करून पहार भाईर सरकवा. तीनदा म्हनली. मीबी वरडले. मग आमाला सगळ्यास्नी वर पळवलं आन् मुसळ घिऊन एकलीच मोरीत उतरली. झाकान उचललं बग तिनं. पर लाकूड ते. मोडलं, आन् पान्यानं तिला आत वढलं."

खांद्यावरची पहार खाली टाकायचेही त्याला भान राहिले नाही, असे सांगतात. तशीच घेऊन तो पाटाच्या काठाने दिवस मावळेपर्यंत चालत गेला. दोन कोसांवर ठकू सापडली. उजव्या हातात एकही बांगडी उरली नव्हती. त्या पाण्यात फुटल्या की दारावर, हे त्याला कोणीच सांगू शकले नाही. तो मात्र जन्मभर तेवढेच विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पहारीने त्याने खेळघराचे दार उपटले. कोणी अडवले नाही. दाराच्या फळ्या त्याने एकट्याने वाहून नेल्या आणि त्यांच्यावर ठकूला अग्नी दिला. गाव सुन्न झाले होते. पण खरा धक्का पुढेच होता. तेरावा झाल्यावर गोंदाजी खेळघरात आला आणि त्याने पट मांडला. लोक संतापले, एकजण तर अंगावर धावून गेला.  गोंदाजी उघड्या चौकटीकडे तोंड करून बसला आणि फासे टाकू लागला. तेवढ्यात एक पोरगी पायरीवर चढली, सहज, सागरगोटा शोधत. गोंदाजीने हातातले दान तसेच खाली ठेवले, जाऊन तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काय पायजे, बाय?" सागरगोटा सापडेपर्यंत तो परत फिरला नाही. मग धावून गेलेला माणूसच पटापाशी बसला.

पुढची तीस वर्षे तो रोज खेळला आणि एकही डाव पुरा केला नाही म्हणे. कोणी ना कोणी पायरीवर येई. कोणीच आले नाही तर शेवटची सोंगटी घरात जायच्या आधी तो स्वतःच उठून पायरीवर जाऊन बघून येई, आणि मग त्याला खेळावेसे वाटत नसे.

दत्तोबांची गोष्ट एवढीच. पाहुण्यांपैकी ज्या गृहस्थांनी मघाशी पंचांकडे तक्रार केली होती, ते उठून चौकटीपाशी गेले. चौकटीला लागून एक लोखंडी पहार जमिनीत उभी पुरलेली आहे. येता-जाता लोकांचे हात लागून तिचे डोके गुळगुळीत झाले आहे. त्यांनी तिला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

आजही हरणतळ्यात, आत असो की मैदानावर, कितीही अटीतटीचा सामना असो, 'एवढा डाव होऊ दे' हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही. लहान मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही, आणि परगावच्या माणसाने अजाणता म्हटले तर अख्खे खेळघर त्याच्याकडे वळून बघते.

दत्तोबांनी स्ट्रायकर रेषेवर ठेवला. राणी भोकाच्या तोंडाशी होती, नुसती फुंकर घातली तरी गेली असती. तेवढ्यात पायरीवर त्यांची बायको, इंदूबाई, येऊन उभी राहिली. दत्तोबांनी स्ट्रायकर सोडला, गुडघ्यावर हात टेकत उठले आणि तिच्यापाशी गेले.

"काय गं, काय पाहिजे?"

"काही नाही," इंदूबाई म्हणाली. "इकडून चालले होते, सहज आले."

"बरं केलंस," दत्तोबा म्हणाले, आणि ती जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.