टाचेचा भार

हाडं बोलायची थांबली नव्हती, त्या काळी एका माळावर एक तरस राहत होतं. मेंढ्या राखणारी म्हातारी ठकूबाई तिथं एकटीच मेली, तेव्हा त्यानं तिची हाडं फोडून खाल्ली. शेवटी मुठीएवढं एक हाड उरलं.

"माझं नाव घे, मग खा," ते हाड म्हणालं.

"कवटीला नाव, मांडीला नाव. पायाखाली धूळ खाणाऱ्या तुला कसलं नाव?" तरस हसलं आणि त्यानं ते अख्खं गिळलं.

दुसऱ्या दिवशी तरस नदीच्या वाळूतून चाललं, तेव्हा त्याच्या पावलांशेजारी माणसाच्या टाचा उमटत होत्या. बोटं नव्हती, नुसत्या टाचा.

घाबरून ते साळिंदराकडे धावलं. साळिंदर म्हणालं, "ठकूबाईचा सगळा जन्म जिनं पेलला, त्या टाचेचं हाड गिळलंस तू. नाव घेऊन माफी माग."

"टाचे, माझं चुकलं!" तरस कळवळून म्हणालं. "आता जा!"

"जाऊ कशी?" त्याच्या पोटातून म्हातारीचा आवाज आला. "माझे पाय तूच खाल्लेस. आता तुझ्याच पायांवर उभी राहीन."

तरसाच्या मागच्या पायांवर भार आला आणि त्याची कंबर खाली दबली. ती पुन्हा कधी वर आली नाही. तरसाची पिल्लंही तशीच जन्माला येतात.