सतरा रविवार

"...आणि तुम्हीही खोटं बोललात?"

सुदत्त रामटेकेनं पाठीवरची बॅग अजून उतरवली नव्हती. विमान कंपनीची चिठ्ठी तिच्या पट्ट्याला तशीच लटकत होती.

भंते रेवत विहाराच्या ओसरीत चीवराचा उसवलेला काठ शिवत बसले होते. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"बोललो," ते म्हणाले.

वैनगंगेच्या काठच्या या विहारात सुदत्त त्यांच्याकडूनच पाली शिकला होता, नववीपासून. पुढे विद्यापीठाच्या अदलाबदल योजनेतून तो वर्षभरासाठी जर्मनीला गेला. तो तिकडे असताना, मार्चमध्ये, त्याची आई गेली. हे त्याला कळलं आज, जुलैत. विमानतळावर घ्यायला आलेल्या मामेभावानं गाडीत सांगितलं. मग तो घरी गेलाच नाही, विहारापाशीच उतरला.

"मी तुम्हाला दर महिन्याला मेल केला होता. घरी कसं आहे, विचारलं होतं. दर वेळी 'सगळं ठीक' असं उत्तर आलं. खोटं बोलू नये हे शील मला कोणी शिकवलं, भंतेजी?"

"मीच."

"मग?"

"मोडलं. दर पौर्णिमेले मोठ्या भंतेजींपुढे बसून कबूल केलं. पुन्हा करणार नाही, असं म्हणा लागते तिथं. म्हटलं... आन पुन्हा केलं."

एरवी सुदत्तला हसू आलं असतं.

"बाबांचं मी समजू शकतो. घाबरले असतील. पण तुम्ही..."

"त्याले मीच सांगितलं होतं. परीक्षा होईस्तोर कळवू नको."

हे ऐकून सुदत्तचा चेहरा आधी उतरला, मग तापला. त्यानं बॅगेतून एक जाड कागद ओढून काढला आणि भंतेंपुढे टाकला. तिकडच्या प्राध्यापकांची सही होती त्यावर. पोरगा वर्गात पहिला आला होता.

"यासाठीच ना? घ्या. लावा भिंतीवर."

भंतेंनी चष्मा लावला. जर्मन ओ की ठो कळत नसताना ओळीवर बोट ठेवून कागद शेवटपर्यंत पाहिला.

"तिचं नाव नाही काय यात कुठं?"

"आईचं नाव घालत नाहीत तिकडे."

"असं काय..."

कागदाला घडी पडू न देता त्यांनी तो परत केला.

"मला तिचं तोंडही बघू दिलं नाहीत!" सुदत्त ओरडला. "आलो असतो मी. वर्ष वाया गेलं असतं तर गेलं असतं. आई होती ती माझी. कधी सांगणारच नव्हता का?"

"सांगणार होतो."

"कधी?"

भंतेंनी कापडातली सुई काढली, पुन्हा तिथंच टोचली. हे बोलावं की गिळावं, त्यांचंही ठरत नसावं.

"दर रविवारी तू घरी फोन करत होता. तुह्या बापाच्या बाजूले मी बसून राहायचो. त्याच्यानं सांगणं झालं नसतं, म्हणून. आमचं ठरलं होतं... ज्या दिवशी पोरगा 'आईले फोन दे' म्हणणार, त्या दिवशी लपवाचं नाही."

सुदत्तनं बॅग खाली ठेवली.

"सतरा रविवार गेले, बाबू."

आई कशी आहे, हे त्यानं दर वेळी विचारलं होतं. 'बरी आहे' ऐकलं की तो आपल्या अभ्यासाचं सांगू लागे. फेब्रुवारीत एकदा तो तिच्यावर खेकसला होता. जेवलास का, काय जेवलास, तेच तेच काय विचारतेस, माझ्या खोलीत माणसं बसलीत. त्यानंतर ती फोनवर आली नाही. बाबांच्या मागून हळूच काहीबाही बोलायची, तेवढंच. मग तेही ऐकू येईनासं झालं आणि याच्या ध्यानात आलं नाही. खरं तर बरंच वाटलं होतं, फोन लवकर आटपायचा म्हणून.

तो पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडला.

भंते उठून जवळ गेले नाहीत. जागचे हललेही नाहीत. त्या बाईच्या हातचं अन्न त्यांनी नऊ वर्षं भिक्षापात्रात घेतलं होतं. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती आणि ती त्यांनी पुसली नाही.

"म्हणजे चूक माझीच," सुदत्त म्हणाला.

"मी म्हटलं काय असं?"

"मग कोणाची?... घरी कोणत्या तोंडानं जाऊ मी? आणि बाबांनी तरी... सतरा वेळा 'बरी आहे' म्हणाले. एकदासुद्धा जीभ अडखळली नाही त्यांची. इतकं सहज कसं जमलं?"

"मीही विचारलं होतं त्याले."

"काय म्हणाले?"

"म्हणे, भंतेजी... पोराले 'बरी हाये' म्हटलं का घडीभर मलेही तसंच वाटते."

सुदत्तनं मान वर केली.

भंतेंनी गावाकडच्या वाटेकडे बोट केलं.

"आज तुले कळलं. आता 'बरी हाये' असं तो कोणाले सांगणार?"