बिनजकातीची खाडी

फार मागे, समुद्रात पहिलं होडकं उतरायच्याही आधी, गोंद्या नावाचा शंखातला खेकडा मालवाहतुकीचा धंदा मांडायला बिनजकातीच्या खाडीत आला. दाराशी अष्टपाद परवाने देत बसला होता.

"इथं जकात नाही, भाडं नाही. नवा शंखही फुकट," तो गोडीनं म्हणाला. "फक्त जुना शंख दारातच उतरवायचा."

आत रिकाम्या शंखांची रास होती, वर्दळ मात्र कुठेच नव्हती. गोंद्या दारातच थांबला.

"यांचे मालक कुठं गेले, काका?"

"एकही परत गेला नाही, बघ."

म्हणजे धंदा बरा चालत असणार, अशी समजूत घालून गोंद्यानं शंख उतरवला. उघड्या पाठीला पाणी गार लागलं.

सकाळी अष्टपादानं गोंद्याचा शंख आतून पुसून राशीवर ठेवला. पुढच्या गिऱ्हाइकाला तो नवाच होता.