चंचीतला दम

वस्तू बोलत होत्या त्या काळी गेनूतात्यांच्या कमरेला तंबाखूची चंची असे. तात्यांना दमा जडला, तेव्हा वैद्यांनी तंबाखू सोडायला लावली. तात्यांनी चंची झटकून रिकामी केली.

“आता तुझी रवानगी चुलीत!” चुन्याची डबी खिदळली. चंचीने आपले बंद आवळून घेतले.

पण तात्यांनी तिला धुऊन वाळवले आणि तिच्या कप्प्यांत औषधाच्या पुड्या ठेवल्या; सकाळची एकीकडे, रात्रीची दुसरीकडे.

दुसऱ्या दिवशी पारावरून खंडूआबांनी हाक मारली, “तात्या, काढा चंची, बार भरू!”

तात्यांचा हात सवयीने कमरेला गेला. चंचीने भीत भीत तोंड उघडले. बोटांना पुडी लागली.

“आबा, हिच्यात आता माझा दम ठेवलाय!” तात्या हसले.

पुढच्या सुगीत तात्या कुठेही न टेकता टेकडी चढले. कमरेला चंची मिरवत होती.