डाव्या वहाणेचा तळ

ज्या काळी राज्याची पत्रे माणसांच्या पायांनी गावोगाव पोचत, त्या काळी घाटमाथ्यावरच्या एका चौकीत एक वृद्ध जासूद राहत असत. जासूद म्हणजे निरोप घेऊन धावणारा. तरुणपणी त्यांच्याइतक्या वेगाने घाट कुणी उतरला नव्हता. वय झाल्यावर ते तरुणांना धावण्याची विद्या शिकवू लागले. सारा मुलूख त्यांना आबा म्हणे.

आबांचा धावण्याचा वेष ठरलेला होता. कमरेला लोकरीचा पट्टा, त्यात खोचलेली गुळाच्या खड्याची पुरचुंडी, हातात वेताची काठी आणि पायांत एक वेगळाच जोडा. त्या जोड्यात डाव्या वहाणेचा तळ उजवीपेक्षा दोन पदर जाड होता. शिष्य हे सारे जसेच्या तसे उचलत. असे का, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. घाटाची उतरण डावीकडे आहे, म्हणून जाड तळ तोल सांभाळतो, असे काहीजण सांगत. खालच्या बाजारातला एक व्यापारी तर तसेच जोडे दुकानात टांगून ठेवी आणि यात पाय घातला की घाट आपोआप मागे पडतो, अशी गिऱ्हाइकांना ग्वाही देई.

शिष्यांमध्ये भिवजी नावाचा एक तरुण होता. बापाचा तेलाचा घाणा सोडून तो आबांकडे आला होता. बापाने त्याला एकच मुदत दिली होती: दसऱ्यानंतरच्या दौडीत सरकारी चाकरीसाठी निवड झाली तर उत्तम, नाहीतर मुकाट्याने परत येऊन घाण्याला लागायचे. भिवजीचे पाय मुळात चांगले होते आणि आबांवर त्याची निष्ठा फार होती. त्याने व्यापाऱ्याचा जोडा घेतला नाही. आबांची एक जुनी वहाण मागून नेली, चांभारापुढे ठेवली आणि अगदी त्याच मापाचा तळ लावून घेतला.

पावसाळा सरत आला तेव्हा त्याचा उजवा गुडघा सुजू लागला. कमरेतून कळ निघे. त्याच्या मागून आलेली मुले त्याला मागे टाकू लागली. आपल्याच साधनेत काही उणे आहे, असे त्याला वाटले, म्हणून त्याने डाव्या वहाणेला आणखी एक पदर लावून घेतला. त्यानंतर दुखणे इतके वाढले, की एके दिवशी निम्म्या घाटातच तो दगडावर बसला आणि त्याच्या खांद्यावरची पत्रांची थैली दुसऱ्याला पुढे न्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपले गाठोडे बांधले आणि आबांचा निरोप घ्यायला तो ओसरीवर आला.

आबांनी सारे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "तुझी डावी वहाण दे."

भिवजीने ती दिली. आबांनी कोनाड्यातली सुरी घेतली आणि वहाणेचा तळ सोलायला सुरुवात केली. पदर सुटत गेले, आणि आबा एकेक पदर अंगणातल्या चुलीत टाकत गेले. भिवजीला वाटले, आपण नालायक ठरलो, म्हणून गुरू आपली खूणच काढून घेत आहेत.

"आबा, चुकलो असेन तर बोला," तो म्हणाला. "पण ती तोडू नका. तुमची खूण म्हणून जपलीय मी ती."

आबांनी आपल्याही वहाणा काढून बाजूला ठेवल्या, ओसरीच्या सपाट फरशीवर ते उभे राहिले आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर धरले. "माझ्या पायांकडे बघ," ते म्हणाले. "पाया पडायला नव्हे, नुसतं बघ."

भिवजीने पाहिले. आबा ताठ उभे होते, पण त्यांची डावी टाच फरशीला टेकत नव्हती. ती टेकवायला गेले की त्यांचे सारे अंग डावीकडे कलत होते. इतक्या वर्षांत वहाणांवाचून उभे राहिलेले आबा कुणी पाहिले नव्हते.

आबा म्हणाले, "ऐन उमेदीत कड्यावरून पडलो. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. जाड तळ ही माझी विद्या नाही रे, ती माझी आखूड तंगडी आहे. पट्टा बांधतो, कारण गारठ्यात माझी कंबर धरते. गूळ ठेवतो, कारण पोट रिकामं असलं की मला घेरी येते. तुम्ही माझं धावणं घेतलं नाहीत, माझी दुखणी अंगावर घेतलीत. तुझे दोन्ही पाय देवानं सारखे दिले होते. ते तू चांभाराकडे जाऊन लहानमोठे करून घेतलेस."

हे आजवर सांगितले का नाही, असे भिवजीने हळूच विचारले.

"कुणी विचारलं नाही," आबा म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर, लोक माझ्या व्यंगाला नमस्कार करत होते. अशा वेळी हे व्यंग आहे, असं सांगवत नाही."

"मग मी आता काय घालू?"

"ते मला कसं कळणार? धाव. कुठं दुखलं, कुठं घासलं, कशाचं ओझं झालं, ते बघ. अंगाला विचारून एकेक वस्तू ठरव."

भिवजीने गाठोडे सोडले. सूज उतरेपर्यंत तो बसून राहिला, मग काही दिवस ओढ्याकाठच्या मऊ वाळूत अनवाणी धावला आणि त्यानंतर सारख्या तळाच्या साध्या वहाणा त्याने घातल्या. पट्ट्याने त्याला नुसता घाम येई आणि कातडे सोलवटे, म्हणून पट्टा गेला. गुळाने त्याला तहान लागे, म्हणून त्याने गुळाऐवजी लाह्या घेतल्या. टाचांना भेगा पडत, तिथे तो जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळू लागला. काठी मात्र त्याने ठेवली, कारण वाटेवरच्या वस्तीतली कुत्री काठीला भीत. हे ऐकून आबा हसले. त्यांना काठी चढणीपुरती लागत असे. कुत्र्यांचा त्रास त्यांना कधी झालाच नव्हता.

दौडीच्या दिवशी भिवजी पहिला आला नाही. पहिला आलेला मुलगा व्यापाऱ्याच्याच दुकानातला जोडा घालून धावला होता. तरुण अंग पुष्कळ चुका सोसते. भिवजी चौथा आला. चाकरीत पाचजणांना घ्यायचे होते, तेव्हा त्याचे काम झाले. विशेष म्हणजे गुडघा धरून बसण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

त्या दिवशी आबाही मैदानात आले होते, ते अनवाणी. सर्वांच्या देखत, डावीकडे झुकत, लंगडत ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. गलका थांबला. कुणी नजर वळवली. बरेचजण आपल्या पायांतल्या वहाणांकडे पाहत राहिले. संध्याकाळी दोघे-तिघे शिष्य ओसरीवर येऊन बसले आणि पाय असा कशाने झाला, ते विचारू लागले. आबांनी कड्यावरून पडल्याची हकीकत पहिल्यापासून सांगितली.

ज्यांना आपण मानतो, त्यांच्या अंगावरची वस्तू उचलण्याआधी ती त्यांना का लागते, एवढे तरी विचारावे.