शरभूला दिलेला बैल

पूर्वी उदुंबर नगरीवर राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या एका खेड्यात लहान शेतकऱ्याच्या घरी जन्मले होते. तुकडाभर जमीन, दोन बैल आणि पत्नी मालिनी, एवढाच त्यांचा संसार.

एका वर्षी टोळधाड आली आणि उभे पीक खाऊन गेली. ज्यांच्या दावणीला बैल होते, ते बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाटापलीकडे नेऊन बदल्यात धान्य आणू लागले. ज्यांच्याकडे बैल नव्हते, त्यांना मध काढायला वाघिणीच्या रानात शिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वाघीण नरभक्षक होती.

शेजारच्या शरभूचा भाऊ त्या रानातून परतलाच नव्हता. एका संध्याकाळी शरभू दारात येऊन म्हणाला, "दादा, उद्या मी रानात जातो. नाही आलो, तर पोरीला पदरात घ्या."

बोधिसत्त्व म्हणाले, "रानात नको. आमचा एक बैल घे आणि मिठाच्या तांड्याबरोबर जा."

पतीला बाजूला घेऊन मालिनी म्हणाली, "स्वामी, बैल गेला तर पेरणी कशी व्हायची? मग आपल्यालाही तेच रान!"

"भय मलाही वाटते. पण आपण बैलासाठी भितो, तो जिवासाठी."

मालिनी गोठ्यात गेली. भीतभीतच तिने बैल सोडला.

उरलेल्या बैलावर बोधिसत्त्व कुंभारांची माती वाहू लागले. शरभूची पोर मालिनीपाशी राहिली. महिन्याने तांडा परतला. शरभू त्यात नव्हता. "घाटात मागे पडला," एवढेच तांड्याचा नायक म्हणाला. "बैल घेऊन पळाला," असे गाव म्हणाले.

पोर रोज विचारी, "बाबा कधी येणार?" मालिनीच्या डोळ्यांपुढे वाघीण उभी राही. बैलाची आठवण आपल्याला आता होतही नाही, हे एके दिवशी तिच्या ध्यानात आले, आणि शरभूच्या जिवाचे तिला अधिकच भय वाटले.

तांडा परतल्याच्या नवव्या दिवशी वाटेवर शरभू दिसला. पाठीवर धान्याचे पोते, मागे लंगडणारा बैल.

"वहिनी, याच्या खुरात काटा मोडला. तांडा थांबेना. मग ओझे मीच घेतले, आणि याच्या चालीने आलो."

मालिनी पोरीला कवटाळून रडली.

पेरणीपर्यंत बैल बरा झाला. त्या जोडीने दोन्ही घरांची शेते नांगरली. पुढे शरभूने स्वतःचा गोऱ्हा घेतला. त्याच्या घरातून रानात पुन्हा कोणी गेले नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा शरभू तो आजचा भिक्षू तिस्सक, मालिनी ती उपासिका वासुला, आणि तिचा पती मीच होतो. वासुलेचे भय सरले नव्हते, तरी तिने दिले. हीच दानपारमिता."